कापडाला हात लावू नये

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही आमच्या गावाहून, आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॅरिगलाइनहून, निघालो तेव्हा पाऊस पडत होता आणि मी रागावलेली होते. पाऊस आयर्लंडचा, त्याला कारण लागत नाही. माझ्या रागाला मात्र भक्कम कारणं होती आणि त्यातलं पहिलं कारण गाडी चालवत होतं.

निखिल, म्हणजे माझा नवरा, पुण्याचा. त्यामुळे आपण केलं ते विचार करूनच केलं, अशी त्याची जन्मजात समजूत. मागच्या वर्षी त्यानं एका निवृत्त जोडप्याकडून वीस वर्षं जुनं मोटारहोम विकत घेतलं. दोन पलंग, दोन चुलींची शेगडी, तांब्याभर पाण्यात अंघोळ करायची एक खोपटी. या गाडीच्या कुशीला एक लांब नळकांडं आहे. दांडा फिरवला की त्यातून कापड बाहेर येतं, पुढे दोन पाय लावायचे आणि खाली खुर्च्या टाकायच्या. इकडे त्याला ऑनिंग म्हणतात. माझ्या बाबांनी पहिल्या दिवशीच, फोनवर बघून, त्याचं नाव पडवी ठेवलं आणि घरात तेच रूढ झालं.

तर ही पडवी निखिलनं मागच्या ऑक्टोबरात, भर पावसातून परत येताना, ओलीच गुंडाळली. ती जूनमध्ये उघडली. आतून काळ्या बुरशीचे ठिपके आणि शिवण कुजून लोंबणाऱ्या चिंध्या बाहेर आल्या. बाबांनी कापड नाकाशी नेलं आणि जावयाकडे न बघता मला विचारलं, "वलं कापड घडी करून ठिवलं व्हय? शिकल्यालं मानूस हाय न्हवं हे?"

बाबांचं दुःख खरं होतं. ते इचलकरंजीचे. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. आधी जॉबर (बिघडलेला माग दुरुस्त करणारा) म्हणून आणि पुढे तयार कापड तपासायला. कापडावर हात फिरवून सूत कुठलं, आडवा धागा कुठे विरळ झाला, हे ते डोळे मिटून सांगायचे. त्या चाळीस वर्षांत कापसाची धूळ छातीत बसली, ती बसलीच. आता एक जिना चढला तरी थांबावं लागतं. २०२० च्या जानेवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि मार्चमध्ये जग बंद झालं. जुलैत एकदाची डब्लिनहून सुटणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. निघायला दहा दिवस उरले होते.

आणि या दहा दिवसांत त्यांना मंजूताईला भेटायचं होतं.

मंजूताई माझी थोरली बहीण, डॉक्टर, देशाच्या दुसऱ्या टोकाला स्लायगोकडे एका सरकारी हॉस्पिटलात. जानेवारीत दोन दिवस येऊन गेली, तेव्हा बाबांनी आम्हा दोघींना एकाच ताग्यातल्या दोन सुती ओढण्या दिल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या किनारीच्या. देण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून दोन्हींच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. नव्या कापडाला मान दिल्याशिवाय ते अंगाला लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. "बाबा, डाग जात नाही हो," म्हणून मी चिडलेही होते.

त्यानंतर प्रवासबंदी आली आणि ताई फक्त फोनवर. दर रविवारी तेच सांगायची: "मी ओपीडीत आहे, कोविडच्या वॉर्डात दुसरे जातात, बाबांना सांग काळजी करू नका." छान. मग बंदी उठल्यावर मी म्हटलं, ये आता घरी. तर म्हणते, "घरात येणार नाही. तुमच्या गाडीतही शिरणार नाही. भेटायचं तर उघड्यावर, दोन मीटर अंतरानं, आणि बाबा भिजता कामा नयेत. पाऊस असला आणि डोक्यावर काही नसलं तर मी आल्या पावली परत जाईन." सुट्टी तिला एकच, शनिवारी, अकरा ते चार.

मी फोन ठेवला तो आपटूनच. ओपीडीत सर्दीखोकला तपासणाऱ्या बाईचा हा थाट! सहा महिने एका देशात राहून लेक बापाला भेटत नाही, आणि भेटायचं तर अटी घालते! पण अटी तिच्या होत्या आणि बाप माझाही होता. आयर्लंडच्या जुलैत उघड्यावर, न भिजता, पाच तास बसायचं तर एकच उपाय होता: पडवीला नवं कापड.

नदीखालचा बोगदा ओलांडून आम्ही उत्तरेकडे लागलो. कॅशेलच्या टेकडीवरचे जुने दगडी मनोरे धुक्यात अर्धेच दिसले. हॉर्स अँड जॉकी नावाच्या गावाशी (घोडा दिसला नाही, स्वारही नाही) हमरस्ता सोडला आणि बर नावाच्या गावापुढे दलदलीचा प्रदेश सुरू झाला. काळीभोर सपाट जमीन आणि तिच्यावर टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती) वाळत घातलेला, छोट्याछोट्या राशी करून. बाबा काचेला नाक लावून बघत होते. "शेनी लावल्यात गं हितंबी," म्हणाले. आयर्लंडात गोवऱ्या! सकाळपासून मला पहिल्यांदा हसू आलं. रस्त्याकडेला थांबून मी डब्यातली थालीपिठं आणि दही काढलं. एक म्हातारा सायकलवरून जाताना थांबला, आमच्या नळकांड्यातून लोंबणाऱ्या चिंध्यांकडे बघून म्हणाला, "वाऱ्यानं नेलं का?" मी म्हटलं, "नाही, नवऱ्यानं." तो म्हणाला, "ते जास्त वाईट," आणि निघून गेला.

कारवान-मोटारहोमचं सामान विकणारं ते दुकान ॲथलोनच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होतं. मोठं पत्र्याचं शेड, पुढे खडीचं अंगण. दारावर पाटी: एका कुटुंबातली एकच व्यक्ती आत. मी पुढे झाले. मालक साठीचा, तोंडावर प्लास्टिकची काच, गाल लालबुंद. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे, गाडीजवळ उभ्या निखिलकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "बोला साहेब, काय हवंय?"

"ऑनिंगचं कापड हवंय," मी म्हटलं. "मला."

"साडेतीन मीटर?" त्यानं निखिलला विचारलं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासते. माझी सही झाल्याशिवाय तिथून एक गोळी बाहेर जात नाही. पंधरा वर्षांत खोट्या नोंदीवर मी सही केलेली नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. आणि हा मनुष्य ओली पडवी गुंडाळणाऱ्याला कापडाची मापं विचारत होता! मी मध्ये उभी राहिले. आत मीच गेले.

आत काउंटरवर जाड पारदर्शक प्लास्टिकची भिंत. तिच्यामागे भिंतीला कापडाच्या नमुन्यांचा जुडगा टांगलेला, वीतवीतभर तुकडे, एका कडीत ओवलेले. वर दुसरी पाटी: हात लावू नये.

"म्हणजे निवडायचं कसं?" मी विचारलं.

"बघून," तो म्हणाला. "हात लागला की तो नमुना तीन दिवस खोक्यात ठेवावा लागतो. मग पुन्हा बाहेर. पण कापडं सगळी ग्रँड आहेत." (इथे 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही, चालेल, होईल, जाऊ द्या, या सगळ्याला मिळून तो एकच शब्द पुरवतात.)

कापड, आणि हात न लावता? गाईचं दूध लांबून काढावं तसं हे झालं. बाहेर अंगणात, शेडच्या वळचणीला, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर चाळीस वर्षं कापड तपासलेला माणूस बसला होता, आणि मी प्लास्टिकच्या भिंतीतून रंग बघून कापड घ्यायचं! महामारीचे नियम मलाही कळतात, मी दिवसातून वीसदा हात धुते. पण एका माणसाच्या हाताला सॅनिटायझर लावून एक तुकडा द्यायला काय हरकत होती? मी तसं म्हटलं. तो म्हणाला, नियम आहे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो मागच्या खोलीत गेला.

पुढे मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही, पश्चात्तापही नाही. प्लास्टिकच्या भिंतीला बाजूने फट होती. मी हात घालून अख्खा जुडगा काढला आणि बाहेर नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांचा चेहरा उजळला. एकेक तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून ते चोळत होते, उजेडाकडे धरत होते, कडेचा धागा नखानं उसवून बघत होते. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक देखणा तुकडा होता, निखिलला फार आवडला. बाबांनी तो थुंकीनं ओला करून खालून बोट फिरवलं. "विनलंय बरं," म्हणाले, "पन आडवा धागा विरळ हाय. ह्येला पाऊस लागला तर दम धरायचं न्हाय." मग एक करडा, गुळगुळीत. "ह्यो निस्ता प्लास्टिकचा लेप हाय. दिसायला भिकार, बुरशी धरंल. पन पानी आत यायचं न्हाय. आपल्याला ह्योच पायजे."

"युअर मॅन काय करतोय तिथे?" मालक दारात आला होता. (युअर मॅन म्हणजे 'तो तिकडचा इसम'. माझ्या वडिलांना इसम!)

त्यानं हातमोजे घातले, जुडगा चिमटीत उचलला आणि खोक्यात टाकला. खोक्यावर सोमवारची तारीख लिहिली. दुकानात नमुन्यांचा तो एकच जुडगा होता, त्यामुळे सोमवारपर्यंत बाकी कोणालाही काही बघता येणार नव्हतं. तो चिडला होता आणि खरं सांगायचं तर त्या वेळी चूक माझी होती. पण मी चूक कबूल करायच्या मनःस्थितीत नव्हते.

"करडं द्या," मी म्हटलं.

"करडं मागवावं लागेल. बाहेरून येतं. सहा आठवडे."

"आमच्याकडे एक दिवस आहे."

"मग निळे पट्टे. तुमच्या मापाचं शिवलेलं तेवढंच आहे."

"पाऊस चालतो त्याला?"

"ग्रँड."

"ग्रँड नको. पाणी आत येणार नाही असं लिहून द्या."

तो हसला. पण मी हलत नाही हे बघून त्यानं पावतीच्या मागे पेन टेकवलं आणि लिहिलं: पावसात ग्रँड. खाली सही. पंधरा वर्षांच्या नोकरीत असा दस्तऐवज माझ्या हाती कधी आला नव्हता.

इतकं होऊन आम्ही निळे पट्टे घेतले. दुसरा मार्गच नव्हता. बाबा गाडीत जाऊन माझ्या मसाल्याच्या डब्यातली हळद आणि स्वतःच्या पाकिटातली कुंकवाची पुडी घेऊन आले आणि नव्या कापडाच्या कोपऱ्याला दोन बोटं ओढली, एक पिवळं, एक लाल. "घेतलंच हाय तर मान द्याला पायजे," म्हणाले. दोन मिनिटांत आभाळ फुटलं.

निखिलला सुचलं (त्याला कधीकधी सुचतं) की आयतीच परीक्षा आहे. आम्ही दोघांनी कापड चारही कोपरे धरून ताणलं. पाच मिनिटं पाणी थेंबाथेंबांनी वर नाचत राहिलं आणि मी मालकाबद्दल थोडं मऊ झाले. मग मध्ये खळगा झाला, पाणी साठलं आणि खालून टपटप सुरू झाली. माझ्या बुटावर. बाबा म्हणाले होते तस्संच.

मी ते ओलं कापड तसंच घेऊन आत गेले. तो म्हणाला, सर आली तर चालतं, धो धो नाही चालत. मी पावती पुढे केली. आयर्लंडातल्या माणसाला पाऊस आणि सर यांतला फरक मी शिकवायचा का, असंही विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, आणा इकडे, वाळवून परत घेतो. पैसे घ्या आणि दुसरं दुकान बघा." त्यानं कापड उलगडलं आणि तो कोपरा त्याच्या हाती आला. पावसानं हळद ओघळून चांगली वीतभर पसरली होती.

"हे काय?"

"हळद," मी म्हटलं. "आणि कुंकू. आमच्यात नव्या कापडाला—"

"डाग पडलेला माल मी परत घेऊ शकत नाही." तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलला. "तुम्हीच सांगा, तुम्ही घेतला असता?"

नसता घेतला. माझ्या कारखान्यात असा डागाळलेला माल आला असता तर मी लाल शिक्का मारून परत पाठवला असता, आणि हे मला माहीत होतं, म्हणूनच माझा तोल गेला. बाहेर येऊन मी बाबांवर ओरडले. "तुमची हळद नडली! एक दिवस मान दिला नसता तर काय झालं असतं? आता बसा उद्या गाडीत, आणि ताई लांबूनच हात हलवून परत जाईल!" अंगणात आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण लेक बापावर ओरडते आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. हळदीचं बोट बाबांनी सदऱ्याला पुसलं आणि गाडीत जाऊन बसले.

रॉसकॉमन गेलं, बॉईल गेलं, तळी आली, मेंढ्या आल्या. बाबांनी कशावरही शेरा मारला नाही. माझा राग एव्हाना माझ्यावरच उलटला होता आणि तो सगळ्यांत वाईट, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. संध्याकाळी पाच वाजता स्लायगोजवळचं स्ट्रँडहिल आलं. एका बाजूला खवळलेला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नॉकनारीचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर दगडांची एक प्रचंड रास आहे. खाली कोणी राणी पुरली आहे म्हणतात. समुद्र इतका जवळ की चहात मिठाची चव येत होती.

समुद्राकाठच्या मोटारहोमच्या तळावर आमच्या शेजारी मेयोहून आलेल्या एक वयस्क बाई उतरल्या होत्या. निखिल स्टुलावर उभा राहून नळकांड्याशी झुंजताना पाहून त्यांनी आपली शिडी आणली, अंतर राखून गवतावर ठेवली आणि दहा पावलं मागे गेल्या. "जाताना तिथेच ठेवा," म्हणाल्या. अर्ध्या तासानं मधल्या बुटक्या भिंतीवर रुबार्बच्या (आंबट लाल देठांची भाजी, इकडे तिचं गोड करतात) वड्या ठेवल्या आणि लांबून हात केला. माझा दिवसभराचा आयर्लंडवरचा राग थोडा उतरला. निळे पट्टे रुळात सरकले, नळकांड्यात बसले. दिसायला फार सुंदर दिसत होते, त्याचाही मला रागच आला.

शनिवारी सकाळी उठले तर पाऊस. सर नव्हे, पाऊस. पडवी उघडली, सरळ सपाट. अर्ध्या तासात मधोमध पोट आलं आणि गळायला लागलं. साडेदहा वाजले होते. निखिल बादली इकडून तिकडे सरकवत होता, मी ताईला फोन करू का नको करत होते.

बाबा दारात आले. ॲथलोननंतर पहिल्यांदाच बोलले. "त्यो फुडचा पाय खाली घे, जावईबापू. हातभर."

निखिलनं एका बाजूचा पाय हातभर खाली घेतला. पडवी तिरकी झाली. पोटातलं पाणी भसकन खालच्या कोपऱ्यातून, हळदीच्या डागावरून, बादलीत पडलं.

"पानी थांबलं की कापडात शिरतंय. त्येला चालतं ठिवलं की शिरत न्हाय," बाबा म्हणाले. "अजून ताण. आनि खालनं कुनी हात लावायचा न्हाय. जितं बोट लागंल तितं गळंल."

"खरंच?" म्हणत निखिलनं बोट लावलं. तिथून थेंब सुरू झाला आणि दिवसभर थांबला नाही. बाकी सगळं कोरडं होतं. मी बाबांकडे बघितलं. काल त्यांना विचारलं असतं तर हे त्यांनी अंगणातच सांगितलं असतं. पण काल मी ओरडत होते.

"बाबा, काल मी—"

"रस्सा बघ जा, लागंल," ते म्हणाले.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ताईची गाडी फाटकातून आत आली. ती उतरली नाही. काचेतून पडवीकडे बघत बसली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उतरली. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात पिशवी. तोंडाला मास्क, गळ्यात तीच निळ्या किनारीची ओढणी. पिशवीतून तिनं स्वतःचं ताट, वाटी आणि पेला काढला. "मला यात लांबून वाढ," मला म्हणाली.

बाबांनी ताटाकडे पाहिलं. त्यांना ते लागलं, मला दिसलं. लेक माहेरच्या माणसांकडे जेवायला आली आणि ताट घरून घेऊन आली.

बाबा या टोकाला बसले, ताई त्या टोकाला. मधे निखिलच्या बोटाचा थेंब पडत होता. बाबांनी आयरिश मेंढीचा रस्सा कोल्हापुरी मसाल्यात केला होता. ताईनं तीन वेळा मागून घेतला आणि डोळे पुसत खाल्ला. तिखट फार झालं म्हणाली. इचलकरंजीतल्या शेजाऱ्यांच्या गोष्टी झाल्या, आईच्या आठवणी निघाल्या.

"दमतीस का गं?" बाबांनी विचारलं.

"छे हो बाबा. ओपीडीत कसलं दमणं?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मग एवढं सोवळं कशाला, ताई? ओपीडीत तर आहेस!"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू गोळ्या तपास, स्वाती. मला माझं करू दे." मी मनात म्हटलं, मोठी आली शहाणी.

चारला ती उठली. बाबाही उठले आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, डोक्यावर ठेवायला. मग तो तसाच खाली आला. ताईनं तिथूनच, दोन मीटरवरून, ओल्या गवताला हात टेकून नमस्कार केला. बाबा म्हणाले, "सुखी ऱ्हा." गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा ते पडवीच्या कडेला उभे होते आणि खांदा भिजत होता. भिजू नका म्हणायची मला हिंमत झाली नाही.

तिच्या बसल्या जागेशी गवतावर ओढणी पडलेली होती. निखिलनं ती चिमट्यानं उचलून पिशवीत टाकली, तोंड बांधलं आणि वर लिहिलं: मंगळवार, दुपारी चार. दुकानदाराकडून तो एवढं मात्र शिकला होता.

रविवारी आम्ही परत आलो. पडवी वाळवून गुंडाळली, कारण बाबा शेजारी उभे होते. सोमवारी मी दुकानदाराला तक्रारीचं सणसणीत पत्र लिहायला घेतलं. पावतीची दोन्ही बाजूंची प्रत काढली. अजूनही माझं म्हणणं तेच आहे की ज्याला कापड विकायचं त्यानं ते हातात द्यावं, आणि 'ग्रँड' हा हमीचा शब्द नव्हे.

मंगळवारी चार वाजता बाबांनी पिशवी मागितली. ओढणी काढून खिडकीशी बसले आणि अंगठा-दोन बोटांत धरून चोळू लागले. बराच वेळ. मग म्हणाले, "तुझी आन."

मी माझी कपाटातून काढून दिली. सहा महिन्यांत मी ती पाचसहा वेळा वापरली असेल. बाबांनी एका हातात माझी धरली, एका हातात ताईची, आणि दोन्ही माझ्या पुढे केल्या. "हात लावून बघ."

एकाच ताग्यातलं कापड. माझं अजून करकरीत होतं. ताईचं पार जाळी झालं होतं, निळी किनार राखाडी पडली होती, उजेडाकडे धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. माझ्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, फिकट पण होता. तिच्या कोपऱ्यावर काहीच नव्हतं.

"धा वर्सं वापरलं तर असं व्हतंय," बाबा म्हणाले. "न्हाईतर रोज उकळत्या पान्यात टाकलं तर. औषीद घालून. रोज म्हंजे रोज. हळद न्हाय ऱ्हायली बघ." त्यांनी तो कोरा कोपरा माझ्यापुढे धरला. "ओपीडीत कोन रोज कापडं उकळत बसतंय?"

मार्च, एप्रिल, मे. दर रविवारचा तो फोन. मी ओपीडीत आहे, कोविडच्या वॉर्डात दुसरे जातात, बाबांना सांग. मी त्यावर विश्वास ठेवला होता, आणि वर तिच्यावर चिडले होते. एवढं सोवळं कशाला, असं विचारलं होतं, तेही तिच्या तोंडावर.

बाबांनी तिच्या ओढणीची नीट चौघडी केली. "ही माझ्या बॅगंत घाल. घरी गेलो की नवी धाडतो. जाड सुताची. रोज धुवायची म्हंजे जाडच पायजे." मग दाराकडे बघत, "तिला सांगू नगंस मला कळलं म्हनून. ती सांगत न्हाय तंवर आपल्याला म्हाईत न्हाय."

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. बाबा समोर बसले होते, मांडीवर ती घडी.

"स्वाती, अगं माझी ओढणी राहिली का तिकडे?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

पंधरा वर्षांत मी खोट्या नोंदीवर सही केलेली नाही. "नाही गं," मी म्हटलं. "इथे नाही."